ज्वालामुखीतले पाणी

इंडोनेशियातला तांबोरा, १८१५. त्याच देशातला क्राकाताऊ, १८८३. कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावरचा माउंट पेले, १९०२. कोलंबियातला नेवादो देल रुईस, १९८५. गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत ज्वालामुखींनी घेतलेल्या बळींपैकी बहुतेक या चार नावांखाली मोडतात, आणि या चारही ठिकाणी वाहत्या लाव्हाने जवळपास कुणीच मेले नाही. तांबोराभोवतीचे बहुसंख्य लोक उद्रेकानंतरच्या उपासमारीने आणि रोगराईने गेले. क्राकाताऊचे ३६,००० हून अधिक बळी मुख्यतः त्सुनामीने घेतले. पेलेच्या पायथ्याचे सुमारे २८,००० लोक तप्त राखेच्या लोंढ्यात सापडले, तर रुईसचे २३,००० चिखलाखाली गाडले गेले. लाव्हा घरे जाळतो, रस्ते गिळतो, शेतजमीन पिढ्यान्‌पिढ्या निकामी करतो. पण बहुतेक वेळा तो इतक्या सावकाश येतो की माणसाला चालत दूर जाता येते. काँगोमधल्या न्यीरागोंगोसारखे अतिशय पातळ लाव्हाचे डोंगर हा अपवाद.

मग माणसे मारते काय? आणि डोंगर मुळात फुटतो कशाने? या दोन प्रश्नांचा शोध घेताना भूकंप, वायू, राख, हिमनद्या, हवामान अशा अनेक वाटांनी जावे लागते. या वाटा शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात असे माझे मत झाले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे पाणी.

सुरुवात अगदी खालून करू. पृथ्वीच्या पातळ कवचाखाली उकळत्या शिलारसाचा समुद्र आहे, हा समज शाळेतल्या आकृत्यांनी आपल्या डोक्यात पक्का बसवलेला असतो. प्रत्यक्षात कवचाखालचे प्रावरण घन खडकाचे आहे. ते अतिशय तापलेले आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू सरकतेही, पण वरच्या खडकाचा दाब त्याला वितळू देत नाही. शिलारस तयार व्हायचा तर एक तर हा दाब कमी व्हावा लागतो. समुद्रतळावर जिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात, किंवा जिथे खोलवरून तप्त खडक वर चढतो, तिथे हे घडते. हवाई आणि आइसलँड ही त्याची ठळक उदाहरणे.

नाही तर त्या खडकात पाणी शिरावे लागते. पॅसिफिकच्या काठाकाठाने समुद्रतळाचा जुना, थंड झालेला पट्ट दुसऱ्या पट्टाखाली घुसतो. कोट्यवधी वर्षे समुद्राखाली राहिल्याने त्याच्या खनिजांत पाणी बांधले गेलेले असते. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर दाब आणि उष्णता इतकी वाढते की हे पाणी खनिजांतून सुटते आणि वरच्या प्रावरणात शिरते. ओल्या खडकाचा वितळणबिंदू कोरड्या खडकापेक्षा शेकडो अंशांनी कमी असतो, त्यामुळे तिथला खडक वितळू लागतो. जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, अँडीज या साऱ्या प्रदेशांत ज्वालामुखींच्या रांगा समुद्रातल्या खोल खंदकांना समांतर धावतात त्या यामुळेच. एकट्या इंडोनेशियात असे सुमारे सव्वाशे जागते डोंगर आहेत.

आता उद्रेक. शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर येतो आणि जमिनीखाली काही किलोमीटरवर साठून राहतो. त्यात पाणी, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. दाब आहे तोवर ते विरघळलेलेच राहतात. शिलारस आणखी वर सरकला, किंवा थंड होऊन त्याचा काही भाग स्फटिकरूप झाला, की वायूंना जागा उरत नाही आणि बुडबुडे सुटू लागतात. पुढे काय होणार हे त्या शिलारसाच्या दाटपणावर ठरते. गुऱ्हाळाच्या काहिलीत पातळ रस उकळत असतो तेव्हा बुडबुडे वर येतात आणि निमूट फुटतात. तोच रस आटून गुळासारखा घट्ट झाला की बुडबुडा आत कोंडतो, फुगतो आणि फुटताना चटका देणारे थेंब दूरवर उडवतो. बेसॉल्टच्या शिलारसात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते आणि तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणून तो पातळ असतो, वायू सहज सुटून जातात आणि लाव्हा वाहतो. रायोलाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांवर जाते, तापमान कमी असते, आणि वायूंना वाट मिळत नाही. अशा ९०० अंशांच्या शिलारसात वजनाने ५ टक्के पाणी असले, तर त्याचा एक घनमीटर पृष्ठभागावर येईपर्यंत वाफ आणि खडक मिळून सुमारे ६७० घनमीटरचा होतो. हा विस्तार नळीसारख्या वाटेत क्षणार्धात झाला की शिलारसाच्या चिंधड्या उडतात. त्या चिंधड्या म्हणजेच ज्वालामुखीची राख. ती जळून उरलेली राख नव्हे, काचेचे आणि खडकाचे बारीक, धारदार कण असतात.

पातळ आणि तुलनेने कोरड्या शिलारसाचे जगातले एक मोठे उदाहरण आपल्या पायाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बेसॉल्टचे लोट निघाले. आज ते जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले दिसतात. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच एकावर एक साचलेले थर. महाबळेश्वरच्या घाटात त्यांची हजार मीटरहून अधिक जाडी उघडी पडलेली आहे.

घाटात रस्त्यासाठी फोडलेला दगड हातात घेऊन पाहावा. थराच्या तळाचा आणि मधला दगड घट्ट, काळा असतो. थराच्या वरच्या अंगाचा मात्र भोकाभोकांचा, कारण वर चढणारे वायूचे बुडबुडे गोठण्याआधी तिथे अडकले. कित्येक भोकांत पांढरे, गुलाबी, मोत्यासारखी चमक असलेले स्फटिक भरलेले दिसतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी ही झिओलाइट कुळातली खनिजे नंतर खडकात मुरलेल्या पाण्याने तिथे आणून बसवली. पुणे, नाशिक, जळगाव भागातले हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. दोन थरांच्या मध्ये अधूनमधून विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लोट थंड होऊन त्याची माती होण्याइतका काळ गेला आणि मग दुसरा लोट आला, याची ती खूण. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. म्हणजे उद्रेकांच्या मधल्या काळात इथे पाणी साचत होते, बेडूक नांदत होते. मुंबईच्या परिसरात शांत लोटांबरोबर स्फोटक उद्रेकांचे थरही आहेत, आणि कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरली तो ज्वालामुखीच्या तुकड्यांचा जोडखडक आहे. शिलारस आणि उथळ पाणी यांची गाठ पडल्याचे पुरावे याच भागात मिळतात.

डायनासोर संपले त्याच सुमाराला हे लोट वाहत होते. मेक्सिकोत आदळलेला अशनी हे विनाशाचे मुख्य कारण मानले जाते. दख्खनच्या वायूंचा त्यात वाटा किती, यावर वाद चालू आहे. ज्या तप्त स्रोताने दख्खन घडवले, तोच पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेल्यावर हिंदी महासागरात बेटे घडवत राहिला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्यांतल्या रीयुनियनवरचा ज्वालामुखी आजही वरचेवर वाहतो. शेजारचे मॉरिशस हेही त्याच स्रोताचे अपत्य. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनी काळा कातळ सोडला आणि त्याच्याच भावंडावर जाऊन ऊस लावला.

स्फोटक डोंगरांचे सर्वांत घातक अपत्य म्हणजे राख, दगड आणि वायूंचा जमिनीलगत धावणारा लोंढा. तापमान काहीशे अंश, वेग ताशी शंभर किलोमीटरहून कितीतरी अधिक. वर गेलेला राखेचा खांब स्वतःच्या भाराने कोसळला, किंवा शिखरावर साठलेला दाट लाव्हाचा घुमट ढासळला, की हा लोंढा सुटतो. व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई आणि हर्क्युलेनियममध्ये जे केले ते यानेच. ८ मे १९०२ च्या सकाळी सें पिएर हे मार्तिनिकचे भरभराटीचे शहर काही मिनिटांत संपले. यापासून पळून सुटका नाही. तो येण्याआधी तिथून निघालेले असणे एवढाच उपाय.

जपानच्या उन्झेनवर ३ जून १९९१ ला अशाच लोंढ्यात ४३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत मोरीस आणि कातिया क्राफ्त हे फ्रेंच दांपत्य होते. ज्वालामुखीच्या धोक्यांवर त्यांनी एक चित्रफीत तयार केली होती. लोंढा कसा दिसतो, चिखल कसा धावतो हे अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना डोळ्यांनी दाखवावे, हा तिचा हेतू. ती चित्रफीत त्याच दिवसांत फिलिपिन्समध्ये पिनातुबो डोंगराच्या आसपास दाखवली जात होती आणि ती पाहून अनेकांनी घर सोडले. विज्ञानाच्या इतिहासात याहून मोठे देणे मला तरी चटकन आठवत नाही.

क्राफ्त दांपत्याला ही चित्रफीत करावीशी वाटली ती रुईसच्या चिखलात गाडल्या गेलेल्या अर्मेरो शहरामुळे, म्हणून त्या रात्रीकडे नीट पाहायला हवे. नेवादो देल रुईस ५,३०० मीटरहून उंच, माथ्यावर बर्फाची टोपी. १९८४ च्या अखेरीपासून तो धुमसत होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला, त्यात लागुनीया नदी डोंगरातून बाहेर पडते तिथे वसलेले अर्मेरो स्पष्टपणे धोक्याच्या पट्ट्यात होते. खरे तर नकाशाचीही गरज नव्हती. हे शहर १८४५ च्या चिखललोंढ्याने आणून टाकलेल्या गाळावरच उभे होते. १३ नोव्हेंबरला दुपारी डोंगरावर स्फोट झाला, संध्याकाळी शहरावर राख पडू लागली. घरात थांबा, शांत राहा, असे लोकांना सांगण्यात आले. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला. जगाच्या मानाने तो लहानच होता. पण तप्त राखेने हिमटोपीचा सुमारे दहावा भाग वितळवला. ते पाणी दऱ्यांतून सुटले, वाटेत माती, दगड, झाडे ओढत फुगत गेले आणि साडेअकराच्या सुमाराला ओल्या सिमेंटसारखा तो लोंढा अर्मेरोत शिरला. वीज गेलेली, बाहेर पाऊस, लोक झोपलेले. शहरातल्या सुमारे २९,००० पैकी २०,००० हून अधिक माणसे गेली. उद्रेकापासून चिखल येईपर्यंत जवळपास अडीच तास होते, आणि शहराच्या कडेला टेकड्या होत्या. जे वर चढले ते वाचले. त्या अडीच तासांत एक खात्रीचा निरोप पोहोचला नाही, याची खंत ज्वालामुखीशास्त्रज्ञांच्या एका पिढीला आयुष्यभर पुरली. १९८६ मध्ये अमेरिकेने इतर देशांच्या मदतीसाठी ज्वालामुखीतज्ज्ञांचे फिरते पथक उभारले ते यातूनच.

या चिखललोंढ्याला जगभर लाहार म्हणतात, हा शब्द जावा बेटावरचा. जावा बेटावर केलुद डोंगराच्या मुखात तळे आहे. १९१९ च्या उद्रेकात ते तळे उसळून खाली आले आणि ५,००० हून अधिक लोक मेले. त्यानंतर डच अभियंत्यांनी डोंगराच्या पोटातून बोगदे काढून तळ्याची पातळी खाली आणली. पुढच्या काही उद्रेकांत लाहार कमी झाले. डोंगराला थांबवता येत नाही, पण त्याच्या हाताशी असलेले पाणी कमी करता येते, हे या बोगद्यांनी दाखवले.

पिनातुबोची गोष्ट अर्मेरोच्या उलट आहे, म्हणून ती सांगायलाच हवी. सुमारे पाचशे वर्षे झोपलेला हा डोंगर एप्रिल १९९१ मध्ये वाफ सोडू लागला. फिलिपिन्सची ज्वालामुखी संस्था फिव्होल्क्स आणि ते अमेरिकी पथक यांनी भूकंपमापक लावले, विमानातून सल्फर डायऑक्साइड मोजला. मेच्या मध्याला दिवसाला ५०० टन असलेला हा वायू महिनाअखेरीला ५,००० टनांवर गेला आणि मग एकाएकी घटला. याचा अर्थ वाट बुजली आणि आत दाब चढतो आहे, असा तज्ज्ञांनी लावला. टप्प्याटप्प्याने गावे, मग क्लार्कचा अमेरिकी हवाईतळ रिकामा केला. १५ जूनला विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा उद्रेक झाला. किमान ५,००० जीव वाचले असा अंदाज आहे. आणि तरीही सुमारे ३५० माणसे गेली, त्यांतली बहुतेक कोसळलेल्या छपरांखाली. नेमक्या त्याच दिवशी युन्या नावाचे चक्रीवादळ डोंगरावरून गेले. कोरडी राख मुळातच जड, भिजल्यावर तिचे वजन जवळपास दुप्पट होते.

धोका तिथे संपला नाही. उतारांवर साठलेली राख दर पावसाळ्यात लाहार होऊन खाली येत राहिली. १९९५ मध्ये बाकोलोर हे गाव असे गाडले गेले की तिथल्या सान गियेर्मो चर्चचा निम्मा भाग जमिनीखाली गेला. पूर्वी जिथे उंचावरच्या खिडक्या होत्या तिथून आता लोक आत शिरतात. उद्रेक एका दिवसाचा, पण पाऊस त्याचा हिशेब वर्षानुवर्षे चालू ठेवतो. पुनर्वसनाच्या योजना आखताना ही गोष्ट सर्वांत आधी विसरली जाते.

नवा शिलारस अजिबात वर न येताही डोंगर मारू शकतो. मुरलेले पाणी खालच्या उष्णतेने तापून वाफेचा स्फोट होतो. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, जपानचा ओंताके. शरदातली रंगीत पाने पाहायला शेकडो गिर्यारोहक शिखरावर होते, धोक्याची पातळी सर्वांत खालची. ६३ जण मेले किंवा बेपत्ता झाले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर २०१९ मध्ये अशाच स्फोटात २२ पर्यटक आणि वाटाडे गेले. असे स्फोट आधी ओळखणे आजही सर्वांत कठीण आहे.

समुद्रात डोंगराचा कडा कोसळला तर त्सुनामी येते. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री क्राकाताऊच्या जागी वर आलेल्या आनाक क्राकाताऊचा एक भाग सुंदा सामुद्रधुनीत घसरला आणि चारशेहून अधिक लोक मेले. मोठा भूकंप झालाच नव्हता, म्हणून भूकंपावर बेतलेली इशारा यंत्रणा गप्प राहिली.

वायूंबद्दल थोडक्यात. कॅमेरूनमधल्या न्योस तळ्याच्या तळाच्या पाण्यात जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड विरघळून साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो उसळून बाहेर पडला, दऱ्यांतून पसरला आणि सुमारे १,७०० माणसे श्वास कोंडून मेली. २००१ पासून तळ्यात नळ टाकून तो वायू हळूहळू सोडला जातो. आइसलँडमध्ये १७८३ मध्ये लाकीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला. फ्लोरिनने गवत विषारी केले, जनावरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातली पाचातली एक व्यक्ती गेली. दख्खनसारखा भेगीय उद्रेक माणसांच्या काळात झाला तर काय होईल, याची कल्पना लाकीवरून करता येते, आणि लाकी दख्खनच्या तुलनेत अगदीच किरकोळ.

सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात पोहोचला की पाण्याच्या वाफेशी मिळून आम्लाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते सूर्यप्रकाश परतवतात. पिनातुबोनंतर जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. तांबोराने तर १८१६ साली युरोप आणि ईशान्य अमेरिकेचा उन्हाळाच हिरावला. २०२२ मध्ये टोंगाजवळचा हुंगा ज्वालामुखी समुद्राखालून फुटला. त्याचा खांब ५७ किलोमीटर उंच गेला आणि त्याने सुमारे १४.६ कोटी टन वाफ स्थितांबरात ढकलली. तिथल्या एकूण पाण्याच्या जवळपास दहा टक्के. उपग्रहांच्या काळात असे याआधी कधी पाहिले गेले नव्हते.

पूर्वसूचनेचे शास्त्र अर्मेरोनंतरच्या चाळीस वर्षांत खूप पुढे गेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आइसलँडच्या ग्रिंदाविक गावाखाली शिलारस शिरतो आहे हे भूकंपांवरून आणि जमिनीच्या फुगण्यावरून दिसले. एका रात्रीत जवळपास ४,००० रहिवासी हलवले. उद्रेक महिनाभराने झाला आणि जानेवारीत लाव्हाने काही घरे जाळली. पण इटलीच्या पोझुओलीत १९८२-८४ मध्ये जमीन पावणेदोन मीटर वर आली, सुमारे ४०,००० लोक हलवले आणि उद्रेक झालाच नाही. पुढच्या वेळी लोक ऐकतील का, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. माझ्या मते अशा रिकाम्या गेलेल्या इशाऱ्याची किंमत सरकारांनी मुकाट्याने सोसायला हवी. अर्मेरोत ती कुणालाच मोजायची नव्हती.

आपल्याकडचे काय? कोकणातली गरम पाण्याची कुंडे पाहून अनेकांना खाली ज्वालामुखी असावा असे वाटते. तसे नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाऊन तापते आणि वर येते एवढेच. बुलढाण्याचे लोणार सरोवरही एकेकाळी ज्वालामुखीचे मुख मानले जाई, ते अशनीच्या आघाताचे आहे. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातल्या निर्मनुष्य बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ मध्ये उठला आणि तेव्हापासून अधूनमधून राख आणि लाव्हा टाकतो.

खरा धोका आपल्याकडे हवेतून येतो. राखेचे काचकण जेट इंजिनात वितळतात आणि पात्यांवर चिकटतात. १९८२ मध्ये जावाच्या गालुंगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती, नशिबाने ती पुन्हा चालू झाली. २०१० मध्ये आइसलँडच्या एका मध्यम उद्रेकाने युरोपातली सुमारे एक लाख उड्डाणे रद्द करायला लावली. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला. हजारो वर्षांत त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती. एक-दोन दिवसांत त्याची राख लाल समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडून भारतावर आली आणि आपल्या विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली, मार्ग बदलावे लागले. जगातल्या कितीतरी जागत्या डोंगरांवर आजही एक भूकंपमापक नाही. अफार वाळवंटातल्या हायली गुब्बीवर यंत्रे बसवण्याचा खर्च एका दिवसाच्या रद्द उड्डाणांपुढे फारसा नाही, आणि मुंबईहून आखाताकडे रोज जाणाऱ्या हजारो प्रवाशांचा त्या खर्चाशी थेट संबंध आहे.